मोरिओकाच्या फलाटावर जुळणारी दोन नाकं

टोकियोकडे निघालेली हायाबुसा नावाची हिरवी बुलेट ट्रेन उत्तर जपानमधल्या मोरिओका स्टेशनात येऊन उभी राहते. प्रवासी चढतात, उतरतात, पण गाडी लगेच सुटत नाही. तिच्या मागच्या टोकाला असलेल्या लांबलचक नाकाचा शेंडा मधोमध उभा फाकतो आणि दोन पाळ्या बाजूला सरकतात. आतून एक धातूचं चौकोनी तोंड बाहेर दिसू लागतं. थोड्या वेळानं त्याच रुळावर मागून अकिता शहराकडून लाल रंगाची दुसरी बुलेट ट्रेन, कोमाची, येते. तिचं नाकही तसंच उघडं असतं. ती काही मीटर अलीकडे थांबते, मग माणसाच्या चालीपेक्षाही हळू पुढे सरकते. खट्ट असा आवाज होतो आणि दोन गाड्यांची एक गाडी होते. मुलांना खांद्यावर घेऊन हे बघायला येणारे लोक फलाटावर असतातच.

त्या चौकोनी तोंडाकडे जवळून पाहिलं पाहिजे. त्याचा पुढे आलेला भाग समोरच्या खोबणीत जाऊन बसतो आणि आतली कळ फिरून घट्ट अडकते. सांध्यात ढिलाई जवळजवळ राहतच नाही, म्हणून वेग वाढवताना किंवा ब्रेक लावताना प्रवाशांना हिसका बसत नाही. याच धडकेत हवेच्या नळ्या जुळतात आणि विजेचे संपर्कही एकमेकांत शिरतात. त्या क्षणापासून सतरा डबे एका चालकाच्या हातात येतात. कोणी माणूस रुळात उतरून साखळी अडकवत नाही.

हे सगळं मोरिओकालाच का? कारण शोधायचं तर सुमारे ५०० किलोमीटर दक्षिणेला, टोकियो स्टेशनात जावं लागतं. उत्तरेकडच्या आणि पश्चिम किनाऱ्याकडच्या सगळ्या शिंकानसेन, म्हणजे जपानी बुलेट ट्रेन, गाड्या तिथे अवघ्या चार रुळांवर उभ्या राहतात आणि टोकियो ते उत्तरेला जवळच असलेलं ओमिया हा एकच पट्टा वाटून घेतात. आओमोरी, अकिता, यामागाता, नीगाता, कानाझावा, सगळ्यांची वाट तीच. तिथे प्रत्येक गाडीला मिळणारी वेळेची जागा सोन्याच्या मोलाची. अकिताला वेगळी गाडी सोडायची तर कुणाची तरी जागा काढून घ्यावी लागेल. म्हणून एकाच जागेत दोन गाड्या बसवायच्या आणि वाटा फुटतात तिथे, म्हणजे मोरिओकात, त्या सोडवायच्या. उत्तरेकडे जाताना कोमाची पुढे असते. मोरिओकात ती आधी निघून डावीकडे डोंगरात वळते आणि हायाबुसा सरळ आओमोरीच्या दिशेनं जाते.

दुसरं कारण याहून जुनं आहे. १८७२ साली टोकियोतल्या शिंबाशीपासून योकोहामापर्यंत जपानची पहिली रेल्वे धावली, तेव्हा रुळांमधलं अंतर १,०६७ मिलिमीटर धरलं होतं. पुढे देशभर तेच माप पसरलं. १८९० साली मोरिओकाला आगगाडी पोचली तीही याच अरुंद रुळांवरून. १९६४ मध्ये शिंकानसेन सुरू करताना मात्र वेगासाठी १,४३५ मिलिमीटरचे नवे रूळ टाकले. १९८२च्या जूनमध्ये तोहोकू शिंकानसेन ओमियाहून मोरिओकापर्यंत आली आणि या स्टेशनात दोन मापं शेजारी-शेजारी येऊन थांबली. अकिताला जाणाऱ्याला इथे सामान उचलून दुसऱ्या गाडीत बसावं लागे. पुढची पंधरा वर्षं हेच चाललं.

अकितापर्यंत पूर्ण नवा शिंकानसेन मार्ग बांधायचा तर खर्च अफाट आणि प्रवासी त्या मानानं कमी. त्यावर काढलेला तोडगा मला जपानी रेल्वेतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मोरिओकाहून अकिताच्या दिशेनं जाणारी डोंगरातली जुनी ताझावाको लाइन १९९६च्या मार्चमध्ये बंद केली आणि सुमारे वर्षभरात तिचे रूळ रुंद केले. बोगदे तेच, पूल तेच. २२ मार्च १९९७ ला कोमाची टोकियोहून थेट अकिताला गेली.

पण बोगदे तेच ठेवले म्हणजे गाडीनं अंग चोरून जायला हवं. हायाबुसाचा डबा ३.३५ मीटर रुंद आहे, तर कोमाचीचा फक्त २.९४५ मीटर. म्हणून शिंकानसेनच्या फलाटावर कोमाची उभी राहिली की दारापाशी जवळपास वीतभर फट पडते. ती भरायला प्रत्येक दाराखालून एक पायरी बाहेर येते आणि दार बंद झाल्यावर परत आत जाते. जुन्या मार्गावरच्या स्टेशनांत ही पायरी लागत नाही.

मोरिओका ओलांडताना गाडीची वीजही बदलते आणि कायदाही. शिंकानसेनच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, जुन्या मार्गावर २०,०००. शिंकानसेनवर वेगाची मर्यादा चालकाच्या समोरच्या फळीवर उमटते, जुन्या मार्गावर त्याला रुळाकाठचे सिग्नल वाचावे लागतात. ताशी ३२० किलोमीटरनं आलेली गाडी पुढे फार तर १३० नं धावते, वळणं घेते, एकेरी मार्गावर समोरच्या गाडीसाठी थांबते आणि रस्त्याची फाटकंही ओलांडते. बुलेट ट्रेनसाठी फाटकापाशी ट्रॅक्टर थांबलाय, हे दृश्य इथे रोजचं आहे. वाटेतल्या ओमागारी स्टेशनातून तर ती उलट्या दिशेनं निघते. शेवटचा अर्धा तास प्रवासी पाठमोरे बसून अकिताला जातात. इतक्या थोड्या वेळासाठी आसनं फिरवायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

आता त्या नाकाविषयी. हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा, आणि चोचीसारखं ते नाक पाहून कुणालाही वाटेल की हवा कापण्यासाठीच ते केलंय. हवेचा विरोध कमी होतो हे खरं, पण नाक इतकं लांब होण्याचं मुख्य कारण बोगदे आहेत. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दांडा दाबला की आत हवा दाटते, तशीच भरधाव गाडी बोगद्यात शिरली की पुढची हवा दाटते. तो दाब लाटेच्या रूपात ध्वनीच्या वेगानं पुढे पळतो. लांब बोगद्यात पळता पळता लाटेचा चढ आणखी उभा होत जातो आणि पलीकडच्या तोंडातून ती तोफेसारखी धडाडत बाहेर पडते. गाडी अजून आत असतानाच बाहेरच्या वस्तीत घरांच्या काचा थरथरू शकतात. वेग थोडा वाढला तरी हा आवाज फार झपाट्यानं वाढतो, साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात.

उपाय असा की हवा एकदम दाबायची नाही. नाक लांब ठेवलं, त्याची जाडी हळूहळू वाढवत नेली, की दाबही हळूहळू चढतो. हायाबुसासाठी वापरतात त्या ई-५ प्रकारच्या गाडीचं नाक १५ मीटरचं आहे, म्हणजे टोकाच्या डब्याचा निम्म्याहून जास्त भाग. कोमाचीच्या ई-६ चे डबेच आखूड, तिथे १३ मीटरवर भागवलं. या लांबीपायी टोकाच्या डब्यातल्या कितीतरी आसनांवर पाणी सोडावं लागलं, ते रुळाकाठी राहणाऱ्यांच्या झोपेसाठी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची आखणी झाली तेव्हा डोळ्यांसमोर होती ती हीच ई-५.

सांधा कितीही घट्ट असला तरी तो सांधाच. १९ सप्टेंबर २०२४ ला टोकियोकडे जाणारी ही जोडगाडी फुरुकावा आणि सेंदाईच्या दरम्यान ताशी ३१५ किलोमीटरनं धावत असताना सुटली. सांध्यातून जाणारी जोडणी तुटली की दोन्ही गाड्यांचे आणीबाणीचे ब्रेक आपोआप लागतात, तसे ते लागले. दोन्ही गाड्या साधारण ३०० मीटरच्या अंतरानं थांबल्या आणि कुणालाही इजा झाली नाही. कारण सापडलं ते चिमटीत मावणारं: गाडी बनवताना मागे राहिलेला धातूचा कीस. कोमाचीत आणीबाणीच्या वेळी जोड सोडवायचं जे बटण असतं, त्याच्या मागच्या बाजूला तो साचला होता आणि त्यातून वीज वाहून चुकीचा हुकूम गेला. जोड सोडण्याचा हुकूम गाडी धावत असताना पाळलाच जाणार नाही, अशी अडवणूक यंत्रणेत आधीपासून असायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

६ मार्च २०२५ ला उएनो आणि ओमियाच्या दरम्यान पुन्हा तसंच घडलं. यावेळी जोडून धावणंच थांबवलं गेलं. आठवडाभर कोमाची मोरिओका ते अकिता एवढीच येरझाऱ्या घालत राहिली. अकिताचे प्रवासी १९९७च्या आधीसारखे मोरिओकात उतरायचे आणि ब्यागा ओढत दुसऱ्या गाडीकडे जायचे. सांधा धावताना सुटू नये म्हणून गाड्यांमध्ये तात्पुरता बंदोबस्त केला गेला आणि १४ मार्चला दोन्ही गाड्या पुन्हा एकत्र धावू लागल्या. फलाटावर हिरवी गाडी आधी येऊन उभी राहिली, मागून लाल आली, आणि सुमारे ४०० मीटर लांबीची सतरा डब्यांची गाडी टोकियोकडे निघाली.