नियमनमुक्तीत नेमके सुटले काय? बाजार आवार, बाजार क्षेत्र आणि अडतीचा घोळ

महाराष्ट्राच्या पणन कायद्यात दोन शब्द शेजारी बसतात आणि नेहमी एकमेकांत मिसळले जातात. एक ‘बाजार आवार’, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीचे कुंपण, फाटक, वजनकाटा आणि लिलावाचे ओटे असलेली जागा. दुसरा ‘बाजार क्षेत्र’, म्हणजे समितीची हद्द, बहुतेक ठिकाणी अख्खा तालुका. अधिसूचित शेतमालाचा सौदा या हद्दीत कुठेही झाला, अगदी बांधावर झाला, तरी तो समितीच्या परवान्याखाली यायचा आणि त्यावर सेस, म्हणजे समितीची बाजार फी, लागायचा. जुलै २०१६ च्या अध्यादेशाने फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा यांच्यापुरते समितीचे नियमन क्षेत्रावरून काढून आवारापुरते ठेवले. याला सगळे ‘नियमनमुक्ती’ म्हणतात. समित्या बरखास्त झाल्या नाहीत, आवारातले लिलावाचे नियम गेले नाहीत, भाव मोकळे सुटले असेही काही झाले नाही. नियमनाची हद्द तालुक्याच्या शिवेवरून कुंपणाच्या भिंतीपर्यंत आत सरकली, इतकेच.

जुना इतिहास थोडक्यात. वऱ्हाडात कापसासाठी १८९७ चा बाजार कायदा झाला, मुंबई प्रांतात १९२७ चा कापूस बाजार कायदा आणि १९३९ चा शेतमाल बाजार कायदा आला, राज्यनिर्मितीनंतर १९६३ चा कायदा आणि १९६७ चे नियम आले. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारे सौदे, वजनातली कटती, धर्मादायाच्या नावाखालची कपात या गोष्टी आवारातून हद्दपार करण्याचे श्रेय या कायद्यांना द्यावे लागते. पण शेतकऱ्याला फसवू नये म्हणून आलेल्या कायद्याने त्याला दुसरीकडे विकायचीही बंदी केली, आणि ती बंदी कोणी फारशी तपासून पाहिली नाही.

बंदीचे टोक गाठले ते कापसात. १९७१ च्या कायद्याने राज्यात कापूस खरेदीचा हक्क एकट्या सरकारी यंत्रणेकडे गेला. शेजारच्या राज्यात भाव चढा असला की सीमेवरच्या गावांतून कापूस रात्री पलीकडे जाई आणि स्वतःच्या शेतातला माल नेणारा शेतकरी तस्कर ठरे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चाकणच्या कांद्यापासून उभ्या राहिलेल्या शेतकरी चळवळीने ऐंशीच्या दशकात हा मुद्दा उचलला. अनुदान आणि कर्जमाफी मागणाऱ्या संघटना देशात पुष्कळ होत्या. सरकारने बाजारातून बाजूला व्हावे, असे शेतकऱ्यांच्याच तोंडून म्हणवणारी ही चळवळ वेगळी. १९९१ च्या उदारीकरणाचे तिने उघड स्वागत केले. कापसाची एकाधिकार खरेदी प्रत्यक्षात सैल व्हायला २००२ साल उजाडले, आणि तेही तत्त्व पटले म्हणून कमी, योजनेचा तोटा पेलवेना म्हणून जास्त.

पुढचा टप्पा कागदोपत्री शांतपणे पार पडला. केंद्राने २००३ मध्ये बाजार समित्यांसाठीचा नमुना कायदा राज्यांकडे पाठवला. बिहारने २००६ मध्ये आपला बाजार समिती कायदाच रद्द केला. महाराष्ट्राने त्याच सुमारास कायदा ठेवून त्यात तीन खिडक्या उघडल्या: थेट पणन परवाना, खाजगी बाजार आणि करार शेती. परवाना मिळवायचा तर बँक हमी, खरेदी केंद्राचा पत्ता, जिनसांची यादी, नियमित विवरणपत्रे असे सगळे लागे. मोठ्या प्रक्रिया उद्योगांना आणि किरकोळ साखळ्यांना ते जमले. तालुक्याच्या गावात दोन टेम्पो भाजी उचलणाऱ्याला जमले नाही. तो पूर्वीसारखाच बिनपरवाना राहिला, आणि कायद्याच्या भाषेत बेकायदा. द्राक्षाचे उदाहरण पुरेसे आहे. नाशिक-सांगलीकडची द्राक्षे कित्येक वर्षे बागेतच विकली जातात, बाजार आवाराचे तोंडही पाहत नाहीत. २०१६ च्या अध्यादेशाने या व्यवहाराला नवे काही दिले नाही, फक्त त्याच्यावरची टांगती तलवार काढली.

खरा राडा झाला तो अडतीवरून, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याच्या दलालीवरून, आणि तो नियमनमुक्तीशी एकाच दाव्याला बांधला गेल्यामुळे आजही दोन्ही गोष्टी लोकांच्या डोक्यात एकच आहेत.

अडत्या हा शेतकऱ्याचा माल उतरवून घेतो, लिलावाला लावतो, वजन करून घेतो, खरेदीदाराकडून पैसे वसूल करतो आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करून देतो. खरेदीदार बुडाला तर पहिला फटका अडत्याला, ही त्याच्या अडतीची रास्त बाजू. दर जिनसेप्रमाणे आणि बाजाराप्रमाणे वेगळे: कांद्याला नाशिककडे शेकडा ४, भाजी-फळांना शेकडा ६ किंवा त्याहून जास्त. ही रक्कम शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. डिसेंबर २०१४ मध्ये पणन खात्याने आदेश काढला की अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. व्यापाऱ्यांनी बाजार बंद पाडले आणि काही दिवसांत मंत्रिपातळीवरून स्थगिती आली. दीड वर्षाने तीच तरतूद नियमनमुक्तीच्या सोबतीने परत आली.

आता पट्टी उघडून पाहू. समजा ट्रॉलीत २५ क्विंटल कांदा आहे, बोली ८०० रुपयांवर थांबली. मालाची किंमत २०,००० रुपये. जुन्या पद्धतीत शेतकऱ्याच्या पट्टीतून ४ टक्के अडत, म्हणजे ८०० रुपये जातील आणि हमाली-तोलाईआधी हाती १९,२०० उरतील. खरेदीदार २०,००० वर १.०५ टक्के, म्हणजे बाजार फी १ रुपया आणि देखरेख खर्च ५ पैसे शेकडा, असे २१० रुपये भरेल. त्याला माल २०,२१० ला पडला.

नव्या पद्धतीत अडतही त्याच्याच अंगावर. पण दिल्लीला किंवा बंदराला पाठवताना त्याचा हिशेब अखेरच्या पडतळीवर, म्हणजे माल एकूण कितीला पडला यावर, चालतो आणि ती त्याला २०,२१० च्या पुढे नेता येत नाही. मग त्याने बोली किती लावावी? बोलीवर ४ टक्के अडत आणि १.०५ टक्के फी चढते, म्हणून २०,२१० ला १.०५०५ ने भागा: १९,२३८ रुपये. क्विंटलला साधारण ७७० रुपये. शेतकऱ्याच्या हाती १९,२०० ऐवजी १९,२३८. सगळ्या संपानंतर, मोर्च्यानंतर, अध्यादेशानंतर एका ट्रॉलीमागे ३८ रुपये.

हा हिशेब नेहमीच इतका चोख बसत नाही. आवक कमी असेल आणि दहा खरेदीदार ओट्याभोवती असतील तर बोली तितकी खाली येत नाही, आणि अडतीचा काही भाग खरेदीदाराला खरोखर सोसावा लागतो. आवक उसळली आणि बोली लावणारे चारच, तर ८०० चे ७६० व्हायलाही वेळ लागत नाही. म्हणजे अडत कोणाच्या नावावर लिहिली यापेक्षा ओट्याभोवती किती जण उभे आहेत याला जास्त किंमत. ती संख्या वाढवायची तर नव्या माणसाला आवारात परवाना आणि गाळा मिळायला हवा. बहुतेक जुन्या समित्यांत गाळे वर्षानुवर्षे त्याच घरांत आहेत. सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही या गाळ्यांवर हवा तेवढा जोर दिला नाही. ‘अडतमुक्त शेतकरी’ ही घोषणा जास्त चांगली वाजते.

दुसरा घोळ याहून मूळचा. अडत्या कोणाचा माणूस? माल विकून देणारा म्हणून तो शेतकऱ्याचा दलाल. त्याची अडत खरेदीदार देऊ लागला की तो हळूहळू खरेदीदाराचा माणूस होणार, हा आक्षेप हास्यास्पद नव्हता. पण त्याआधी तरी तो शेतकऱ्याचा होता का? काही बाजारांत एकाच माणसाकडे अडतीचा आणि खरेदीचा, दोन्ही परवाने असतात. शिवाय पेरणीला किंवा लग्नाला दिलेली उचल असते. ती फिटेपर्यंत माल त्याच गाळ्यावर उतरवावा लागतो. अशा शेतकऱ्याला आवाराबाहेर विकायची मुभा मिळाली काय आणि न मिळाली काय, सारखेच.

जुलै २०१६ मध्ये राज्यभर बाजार बंद राहिले. नाशिकच्या कांदा बाजारांत लिलाव कित्येक दिवस थांबले आणि सुरू होताना नवाच पेच आला: व्यापारी म्हणाले, खुला कांदा घेणार नाही, गोणीत भरून आणा. गोणी कोणाची, भरायची मजुरी कोणाची, आणि तळाला कोणता माल आहे हे लिलावात कसे दिसणार, यावर शेतकरी भडकले. ट्रॉलीतला खुला कांदा उपसून पाहता येतो, त्यावर बोली खरी लागते. गोणीची टूम फार टिकली नाही, पण अडतीचे चार टक्के दुसऱ्या वाटेने परत काढायचे प्रयत्न कसे होतात हे त्यात दिसले.

आवाराबाहेर काय झाले? शहरांत शेतकरी आठवडे बाजार वाढले, मुंबईच्या मोठ्या बाजारात न शिरता काही भाजी थेट शहरात उतरू लागली, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांनी खरेदी केंद्रे उघडली. अडचणीही तिथेच आल्या. आवारात पैसे त्याच दिवशी चुकते करण्याचा नियम आहे, तो मोडला तर निदान तक्रारीला जागा आणि परवाना रद्द होण्याची भीती आहे. बाहेर खरेदीदाराची नोंदणी नाही, हमी नाही, त्यामुळे बुडव्याला गाठायला दिवाणी दावा किंवा पोलीस ठाणे एवढेच उरते. परप्रांतीय व्यापारी हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात धनादेश देऊन निघून जातो आणि तो वटत नाही, ही द्राक्षपट्ट्यातली जुनी दुखणी. मुक्त व्यापाराला परवाना नको असेल, पण साधी नोंदणी आणि छोटी अनामत नको असे कोणत्याही व्यापारशास्त्रात सांगितलेले नाही. अध्यादेशाने ती जागा रिकामी सोडली.

२०१७ मध्ये समितीच्या निवडणुकीलाही हात घातला गेला. १८ संचालकांपैकी ११ सेवा सोसायट्यांचे मतदार निवडतात, ४ ग्रामपंचायतींचे. २ व्यापारी-अडत्यांचे आणि १ हमाल-तोलारींचा. माल विकणाऱ्याला थेट मत नव्हते. किमान १० गुंठे जमीन आणि पाच वर्षांत तीनदा त्या बाजारात विक्री, या अटीवर ते दिले गेले. मतदार याद्या बनवणे आणि निवडणुकीचा खर्च यांनी छोट्या समित्या मेटाकुटीला आल्या. सरकार बदलल्यावर २०२० मध्ये तरतूद मागे घेतली गेली.

२०१८ हे साल तर विसंगतीचा नमुना. ऑगस्टमध्ये हमीभावापेक्षा कमी दराने खरेदी केल्यास एक वर्ष कैद आणि ५० हजार दंड, असा निर्णय झाला. व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली, ऐन हंगामाच्या तोंडावर मूग-उडीद घेऊन आलेले शेतकरी अडकले, सरकारला माघार घ्यावी लागली. दोनच महिन्यांत नेमके उलटे पाऊल: धान्यासह सर्व शेतमाल आवाराबाहेर नियमनमुक्त करणारा अध्यादेश. एकाच सरकारने एका हाताने भाव बांधला आणि दुसऱ्या हाताने बाजार सोडला. नोव्हेंबरच्या अधिवेशनात विधेयक विधानसभेत मंजूर झाले. माथाडी आणि व्यापाऱ्यांनी बंद पुकारताच विधान परिषदेतून ते मागे घेतले गेले. माथाड्यांची भीती समजण्यासारखी होती. १९६९ च्या कायद्याने त्यांची मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि आजारपणाची सोय मंडळामार्फत होते, आणि सगळे आवारात चढ-उतार होणाऱ्या मालावर उभे आहे. माल बाहेरून गेला तर लेव्ही, म्हणजे या सोयींसाठी मजुरीवर घेतली जाणारी रक्कम, कोणाकडून घ्यायची, याचे उत्तर विधेयकात नव्हते.

त्यामुळे जून २०२० मध्ये शेतमालाचा व्यापार आवाराबाहेर मोकळा करणारे केंद्राचे अध्यादेश आले तेव्हा महाराष्ट्राची स्थिती विचित्र होती: फळे-भाजीपाल्यात चार वर्षे आधीच पुढे, धान्यात जिथे होता तिथेच. ऑगस्टमध्ये पणन खात्याने केंद्राच्या अध्यादेशाची अंमलबजावणी करण्याचे परिपत्रक काढले, सप्टेंबर अखेरीस राज्याने त्याला स्थगिती दिली. पुढे या अध्यादेशांचे कायदे झाले. त्यांतला वाद निवारणाचा मार्ग मात्र महाराष्ट्रातल्याच शेतकऱ्याने पहिल्यांदा वापरला. धुळे जिल्ह्यातल्या एका मका उत्पादकाचे तीन लाखांवर रुपये मध्य प्रदेशातल्या व्यापाऱ्यांकडे अडकले होते, ते उपविभागीय अधिकाऱ्याकडे तक्रार केल्यावर सुटले. नियमनमुक्तीत वसुलीची सोय कशी असावी याचा तो बरा धडा होता. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती दिली, नोव्हेंबर अखेर ते रद्द झाले आणि ही सोयही त्यांच्याबरोबर गेली. राज्याने जुलै २०२१ मध्ये मांडलेली स्वतःची दुरुस्ती विधेयकेही मागे घेतली गेली. २०१६ ची फळे-भाज्यांची नियमनमुक्ती तेवढी कायम राहिली, कदाचित केंद्राच्या कायद्यांवरून दिल्लीत पेटलेल्या भांडणात तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही म्हणून.

राज्याच्या हातात किती आहे हेही पाहायला हवे. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने कांदा साठ्यावर घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन अशी मर्यादा घातली. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली आणि मे २०२४ पर्यंत बंद राहिली. बांधावर विका, आवारात विका, बोली लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बंदराचे बंद दार होते.

त्याच उन्हाळ्यात, एप्रिल २०२४ मध्ये, नाशिक जिल्ह्यातले कांदा लिलाव पुन्हा थांबले. या वेळी मुद्दा हमाली, तोलाई आणि त्यावरच्या लेव्हीचा होता: पट्टीतून ती कापायची की नाही, आणि कापायची तर कोणाच्या खात्यातून.