चौथा कोच बिनपगारी का होता?

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा २०२३ च्या आधीचा ग्रुप फोटो पाहा. कडेला चार मोठी माणसं उभी असतात. अंगात खेळाडूंसारखीच जर्सी, डोक्यावर तीच टोपी. (बेसबॉलमध्ये कोचही संघाचाच गणवेश घालतो, क्रिकेटवर वाढलेल्या डोळ्यांना हे जरा गमतीचं वाटतं.) चौघं दिसायला सारखेच, पण पगारी तिघंच. चौथा सकाळपासून रात्रीपर्यंत तेच काम करायचा आणि विद्यापीठाकडून त्याला पगाराचा एक डॉलरही मिळत नसे. विद्यापीठाची द्यायची तयारी असली तरी देता येत नसे, कारण नियमच तसा होता. पदाचं नाव 'व्हॉलंटिअर असिस्टंट'. आपल्या भाषेत, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा.

सुरुवातीला कोच ही भानगडच नव्हती. दोन कॉलेजांमधला पहिला बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला झाला. अ‍ॅमहर्स्टने विल्यम्सला ७३-३२ असं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी बुद्धिबळातही मात दिली. पोरांनीच संघ निवडला आणि पोरांनीच खेळवला. प्राध्यापकांच्या लेखी हा रिकामटेकडा उद्योग होता.

शिकवायला बाहेरचा माणूस आणायची पद्धत रुळली ती १८९० नंतर. तेव्हाचा मोबदला मजेशीर होता. जॉन मॅकग्रॉ आणि ह्यूई जेनिंग्ज हे बाल्टिमोर ओरिओल्सचे नामांकित व्यावसायिक खेळाडू. हिवाळ्यात लीग बंद असली की दोघं न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट बोनाव्हेंचर कॉलेजात मुलांचा सराव घ्यायचे. बदल्यात शिक्षण फुकट, राहणं-जेवणही फुकट. जेनिंग्जला शिक्षणाची अशी गोडी लागली की पुढे कॉर्नेलमध्ये बेसबॉल शिकवत शिकवत तो कायदाही शिकू लागला. तिथेच एका रात्री त्याने अंधारात पोहण्याच्या तलावात सूर मारला. तलावात पाणी नव्हतं. कवटीला मार बसला, पण गडी वाचला, वकील झाला आणि पुढे डेट्रॉइट टायगर्स या व्यावसायिक संघाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोचही झाला.

१९०२ मध्ये हार्वर्डने पिचरांना (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्यांना) शिकवायला साय यंगला बोलावलं. बेसबॉलमध्ये सर्वाधिक ५११ विजय ज्याच्या नावावर आहेत, तोच हा. स्वतः सहावीपर्यंत शिकलेला. फक्त पिचर घडवण्यासाठी वेगळा माणूस, ही आज प्रत्येक संघात असलेल्या 'पिचिंग कोच'ची अगदी सुरुवातीची झलक म्हणता येईल.

पगाराचा विषय निघाला की रॉड डेडो यांचं नाव येतंच. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूएससी) ते १९४२ ते १९८६ कोच होते. या काळात संघाने अकरा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, त्यातली पाच १९७० ते १९७४ अशी सलग. डेडो विद्यापीठाकडून वर्षाला एक डॉलर नाममात्र पगार घेत. त्यांचा ट्रक वाहतुकीचा धंदा जोरात चालत होता, त्यांना ते परवडत होतं. ज्याला परवडत नाही त्यानेही असंच राबावं अशी अपेक्षा मात्र पुढे नियमात शिरली, आणि मला तरी गोम तिथेच दिसते.

डेडोंच्या तालमीतला एक पिचर, टॉम हाउस, पुढे यूएससीतच पिचिंग कोच म्हणून परतला. २००८ मध्ये भारतात वेगवान चेंडूफेकीची स्पर्धा झाली. तिच्यातून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू या हाउसच्याच हाताखाली पिचर झाले. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाने दोघांना करारबद्ध केलं. अमेरिकन कॉलेज बेसबॉलच्या कोचचा भारताशी आलेला हा थेट संबंध.

असिस्टंट कोच म्हणजे नुसता हरकाम्या नव्हे, हे दाखवणारा प्रसंग १९८२ च्या कॉलेज वर्ल्ड सिरीज या राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेतला आहे. ओमाहाचं मैदान, मायामी विरुद्ध विचिटा स्टेट. विचिटाचा फिल स्टीफन्सन पहिल्या बेसवर होता (धाव पूर्ण करायला क्रमाने गाठायच्या टप्प्यांतला हा पहिला) आणि चोरून, म्हणजे चेंडू टोलवला जाण्याची वाट न पाहता, दुसरा बेस गाठण्यात तो पटाईत. मायामीच्या पिचरने पहिल्या बेसकडे चेंडू फेकल्याचं नाटक केलं, चेंडू हातातच ठेवला. पहिल्या बेसवाल्याने चेंडू निसटल्यासारखी झेप घेतली. दुसरा एक जण उजव्या बाजूला धावत सुटला, तिकडे बसलेले राखीव पिचर 'अरे, इकडे, इकडे' करत उठले, डगआउटमध्ये (संघाच्या बसायच्या जागेत) आरडाओरडा. नसलेला चेंडू सगळा संघ शोधत होता. स्टीफन्सन फसला, दुसऱ्या बेसकडे पळाला आणि तिथे चेंडू त्याची वाटच पाहत होता; तो बाद झाला. मायामीने सामना ४-३ असा जिंकला, पुढे विजेतेपदही. ही चाल बसवली होती असिस्टंट कोच स्किप बर्टमन यांनी. दोन वर्षांत ते लुइझियाना स्टेटचे (एलएसयू) मुख्य कोच झाले आणि तिथे त्यांनी पाच विजेतेपदं मिळवली.

असिस्टंट लोकांना भाव येत होता, तेवढ्यात खर्चाला कात्री लागली. कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने १९९१ मध्ये काटकसरीचे ठराव केले. १९९२ पासून 'मर्यादित वेतनाचा कोच' असं पद आलं: शैक्षणिक वर्षाचे जास्तीत जास्त १२ हजार डॉलर आणि उन्हाळ्याचे ४ हजार, एकूण १६ हजार. यातल्या काहींचा आधीचा पगार वर्षाला ६०-७० हजार डॉलर होता. नवोदितांना शिरकाव मिळावा म्हणून हे पद आहे, असा एनसीएएचा युक्तिवाद. बास्केटबॉलचे कोच कोर्टात गेले, बेसबॉलसह इतर खेळांतलेही पाठोपाठ गेले. सगळ्यांनी संगनमत करून पगार ठरवणं हा स्पर्धाविरोधी व्यवहार आहे, निव्वळ खर्च वाचतो ही सबब चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. १९९८ मध्ये ज्युरीने ठरवलेली भरपाई कायद्यानुसार तिप्पट होऊन सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलरवर गेली. १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाखांवर तडजोड झाली.

मर्यादित वेतनाचं पद गेलं, पण बिनपगारी पद तसंच राहिलं. बेसबॉलला मुख्य कोच, दोन पगारी असिस्टंट आणि एक व्हॉलंटिअर. बास्केटबॉलमध्ये शिष्यवृत्तीवरचे तेरा खेळाडू आणि चार पगारी कोच. बेसबॉलच्या संघात पस्तीस जण आणि पगारी कोच तीन. पिचर, बॅटिंग, क्षेत्ररक्षण आणि नव्या मुलांचा शोध, शिवाय हंगामाचे ५६ सामने. तिघांत हे भागणं शक्यच नव्हतं, म्हणून चौथा हवाच.

हा चौथा फंगो घेऊन उभा असायचा. फंगो म्हणजे सरावात चेंडू टोलवून द्यायची लांब, हलकी बॅट. तिने रोज शेकडो चेंडू जमिनीलगत मारून तो खेळाडूंकडून क्षेत्ररक्षण घोटून घ्यायचा. सामन्यात अनेकदा पहिल्या बेसजवळ उभा राहायचा. फक्त गावोगाव फिरून खेळाडू हेरायची त्याला बंदी. पोट भरायचं ते विद्यापीठाच्या मैदानावरच्या उन्हाळी शिबिरांतून आणि शाळकरी पोरांच्या खासगी शिकवण्यांतून. शिबिरं चांगली भरली तर ठीक, नाहीतर बायकोच्या पगारावर घर. कामाची आवड असल्याशिवाय हे कोण करेल? आणि नेमका त्या आवडीचाच हिशेब धरून ही व्यवस्था चालत होती.

चौथ्याला पगार द्यायचा प्रस्ताव एप्रिल २०१९ मध्ये एनसीएएच्या परिषदेत मताला आला आणि पडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेसबॉलच्या माजी व्हॉलंटिअर कोचांनी दावा ठोकला. जानेवारी २०२३ मध्ये परिषदेने ते पदच रद्द केलं. १ जुलैपासून तीन पगारी असिस्टंट नेमायची मुभा मिळाली. दाव्याची तडजोड पुढे ४ कोटी ९२ लाख ५० हजार डॉलरवर झाली.

याच सुमारास दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं तेही पाहण्यासारखं आहे. जून २०२२ मध्ये वेस जॉन्सन हे मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधल्या मिनेसोटा ट्विन्सचे पिचिंग कोच होते. संघ गटात अव्वल, हंगाम ऐन मध्यावर. तशात नोकरी सोडून ते एलएसयूत आले, तेही असिस्टंट म्हणून. मेजर लीगचा माणूस भर हंगामात कॉलेजच्या डगआउटमध्ये, हे काही वर्षांपूर्वी कुणाला सांगितलं असतं तर हसण्यावारी नेलं असतं. त्यांच्या हाताखाली पॉल स्कीन्स नावाच्या पिचरने एका हंगामात २०९ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि त्या उन्हाळ्यात मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, त्याची पहिलीच निवड झाली.

२६ जून २०२३ रोजी ओमाहात एलएसयूने फ्लोरिडाला १८-४ असं धुऊन विजेतेपद घेतलं. बिनपगारी कोचांच्या काळातला तो शेवटचा अंतिम सामना. नवा नियम पाचच दिवसांनी लागू झाला. त्यात पगार देण्याची मुभा आहे, सक्ती नाही.