हापूस आंब्याची हवाई निर्यात

हापूस आंब्याची हवाई निर्यात : झाडावर पक्व झालेला पण न पिकलेला ताजा हापूस विमानाने परदेशी पाठवण्याची पद्धत. तोडलेले फळ साध्या हवेत आठ ते बारा दिवसांत पिकते, तर जहाजाला अमेरिका गाठायला तीन-चार आठवडे लागतात. आखाती देशांत आंबा समुद्रमार्गे मोठ्या प्रमाणावर जातो आणि २०२२ मध्ये अमेरिकेलाही जहाजाने प्रायोगिक खेप गेली. तरी युरोप, अमेरिका आणि जपानला जाणाऱ्या ताज्या हापूसची भिस्त अजून मुख्यतः विमानावरच आहे. उड्डाणाचा टप्पा त्यातल्या त्यात निर्धोक असतो. माल बिघडतो तो बहुधा जमिनीवरच, म्हणजे बागेत, प्रक्रिया केंद्रात, नाहीतर विमानाशेजारी उन्हात ताटकळताना.

निर्यातीचे फळ ८० ते ८५ टक्के पक्वतेला उतरवतात. देठाजवळचे खांदे वर आलेले असतात आणि गडद हिरवा रंग फिकट होऊ लागलेला असतो. झाडावर जास्त दिवस राहिलेल्या फळात साका होण्याची शक्यता वाढते. साका म्हणजे गराचा भाग फिकट, स्पंजासारखा आणि आंबूस होणे. बाहेरून त्याची काहीच खूण दिसत नाही, त्यामुळे प्रतवारीत असे फळ बाजूला काढता येत नाही. तोडणी झेल्याने (लांब काठीला जाळी लावलेल्या साधनाने) आणि देठासकट करायची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला याच कामासाठी आहे. देठ तीन-चार सेंटिमीटर ठेवला तर चीक सालीवर ओघळत नाही. ओघळलेला चीक साल भाजतो, आणि तो काळा डाग नंतर कितीही धुतले तरी जात नाही. तोडणी सकाळी लवकर करून फळे लगेच सावलीत, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात.

पॅकहाऊसमध्ये, म्हणजे प्रतवारी-पॅकिंगच्या केंद्रात, देठ छाटून, चीक पूर्ण निथळू देऊन फळ धुतात. करपा आणि देठकुज हे बुरशीचे रोग रोखण्यासाठी ५२ अंश सेल्सियसच्या पाण्यात तीन ते पाच मिनिटे बुडवून मग वाऱ्याने कोरडे करतात. वजनानुसार प्रतवारी होते. २५० ते ३०० ग्रॅमची बारा फळे बसणारी, एकाच थराची पन्हळी पुठ्ठ्याची पेटी सर्रास वापरली जाते. पेटीला हवेसाठी भोके असावी लागतात, पण त्यांतून प्रक्रिया झालेल्या मालात पुन्हा कीड शिरू नये म्हणून त्यांना बारीक जाळी लावतात.

पुढची वाट देशानुसार बदलते आणि ती कीड ठरवते. फळमाशीची अंडी-अळ्या सालीखाली, गरात असतात. उष्णता तिथपर्यंत पोहोचते, म्हणून युरोपीय संघासाठी ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटांची उष्णजल प्रक्रिया चालते. १ मे २०१४ पासून युरोपने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, ती या व्यवस्थेनंतर २०१५ च्या आरंभी उठली. २००६ मध्ये पुन्हा खुल्या झालेल्या जपानला उष्णबाष्प प्रक्रिया लागते : गराचे तापमान ४७.५ अंशांवर २० मिनिटे. कोवळे फळ ही उष्णता सोसत नाही. साल होरपळते आणि गर एकसारखा पिकत नाही.

अमेरिकेची अडचण वेगळी आहे. तिथे भीती कोयीतल्या भुंग्याची. तो कोयीच्या आत असल्याने फळ न शिजवता त्याच्यापर्यंत उष्णता नेता येत नाही. म्हणून पेट्या भरून झाल्यावर कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून नेतात. प्रत्येक फळाला किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा मिळालीच पाहिजे आणि कमाल मर्यादा १,००० ग्रे आहे. पेटीतल्या कडेच्या फळांना जास्त, मधल्यांना कमी मात्रा मिळते. त्यामुळे पेटीचा आकार, वजन आणि रचण्याची पद्धत आधीच ठरवून दिलेली असते. ऐनवेळी वेगळी पेटी चालत नाही. मात्रा वरच्या मर्यादेकडे सरकली की सालीवर तपकिरी ठिपके उठू शकतात. सुमारे १८ वर्षांच्या बंदीनंतर २००७ मध्ये अमेरिकेचे दार उघडले, ते मुळात कांद्यासाठी उभारलेल्या लासलगावच्या ‘कृषक’ या किरणन केंद्रामुळे. पुढे राज्य कृषी पणन मंडळाचे वाशीचे केंद्रही सुरू झाले.

४०० ग्रेने भुंगा मरतोच असे नाही. त्याचे पुनरुत्पादन मात्र थांबते. म्हणजे प्रक्रिया नीट झालेल्या फळातही जिवंत भुंगा सापडू शकतो, आणि प्रक्रिया झाली की नाही हे फळ कापून कळत नाही. पुरावा उरतो तो फक्त कागदाचा : मात्रेची नोंद आणि केंद्रावर हजर असलेल्या अमेरिकी निरीक्षकाने दिलेला, प्रक्रिया झाल्याचे सांगणारा पीपीक्यू २०३ अर्ज. मे २०२५ मध्ये याच अर्जातल्या त्रुटींवर बोट ठेवून लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे हवाईमार्गे आलेल्या १५ खेपा नाकारल्या गेल्या. माल नष्ट करा किंवा परत न्या, एवढेच पर्याय निर्यातदारांपुढे होते. परतीचे भाडे आणि उरलेले आयुष्य पाहता परत नेणे परवडणारे नव्हते. म्हणून वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, शिपिंग बिल (सीमाशुल्काचा निर्यात-कागद), एअर वे बिल (विमान कंपनीची मालपावती) आणि प्रक्रिया-अर्ज यांतली पेट्यांची संख्या, वजन आणि खेपेचा क्रमांक पॅकहाऊस सोडण्यापूर्वीच एकमेकांशी ताडून पाहावे.

तापमानाच्या बाबतीत हापूसवर सर्वाधिक अन्याय होतो. त्याला १२ ते १३ अंश मानवतात. त्याखाली फार वेळ राहिला तर शीतइजा होते : सालीवर करडे चट्टे, रंग न चढणे, वास न येणे. हवाई मालवाहतुकीत मात्र नियंत्रित तापमानाच्या रूढ श्रेणी दोन, २ ते ८ अंश आणि १५ ते २५ अंश. औषधांसाठी त्या सोयीच्या आहेत, आंबा नेमका मधल्या फटीत सापडतो. ‘नाशवंत’ अशी निळी पट्टी पाहून कोणी पेट्या २ ते ८ च्या खोलीत लोटल्या की नुकसान ठरलेले. एअर वे बिलावर तापमान आकड्यात लिहावे आणि मधली खोली नसेल तर उबदार श्रेणी निवडावी. उबेत फळ थोडे लवकर पिकेल, पण गारठलेले फळ पुन्हा सुधारत नाही.

मुंबईत सहार विमानतळाच्या नाशवंत माल केंद्रातून पेट्या रचलेले पॅलेट विमानाकडे निघते तेव्हा एप्रिल-मेचे दमट ऊन असते. थंड पेट्यांवर लगेच दव सुटते, पुठ्ठा मऊ पडतो, खालच्या पेट्या दबतात आणि ओल्या सालीवर करपा उठतो. पॅलेटवर उष्णतारोधक आवरण आणि कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे आधार लावले तर हे बरेच टळते. आंबा इथिलीन हा पिकवणारा वायू सोडतो आणि त्याने फुले कोमेजतात, म्हणून त्याच्या शेजारी फुले नकोत.

भाडे प्रत्यक्ष वजन किंवा घनफळी वजन (पेटीच्या आकारमानावरून काढलेले) यांतले जे जास्त असेल त्यावर आकारतात. ३८ × २८ × १२ सेंटिमीटरच्या पेटीचे घनसेंटिमीटर ६,००० ने भागले की सुमारे २.१ किलो येतात, पण भरलेली पेटी चार किलोच्या आसपास भरते. म्हणजे भाडे प्रत्यक्ष वजनावर, पुठ्ठ्यासकट.

गोठवलेल्या मालाचे गणित निराळे. हापूसचा गोठवलेला रस उणे १८ अंशांच्या कंटेनरमधून जहाजाने जातो. विमानाने नमुने किंवा महागडी मासळी पाठवायची तर कोरडा बर्फ लागतो. तो उणे ७८.५ अंशांवर थेट वायू होतो, म्हणून धोकादायक मालात मोडतो : क्रमांक यूएन १८४५, वर्ग ९. खोक्यावर त्याचे किलोतले वजन लिहावे लागते आणि वायू बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. हवाबंद खोके फुटू शकते. ताज्या आंब्यासोबत तो कधीच ठेवू नये, कारण लगतची फळे गारठतात आणि कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडने गराची चव बिघडते.

परदेशी उतरल्यावर फळ हिरवट आणि कडकच असते. २० ते २२ अंशांत, पेट्यांची झाकणे उघडून, चार-सहा दिवस ठेवले की ते पिवळे होते. आयातदाराने घाईने थेट दुकानाच्या फ्रीजमध्ये ठेवले, तर वाटेत सांभाळलेले फळ शेवटच्या टप्प्यावर न पिकताच सुरकुतते.