भरताचे खानदेशीपण कशात आहे?

खानदेशी भरीत पुरातन काळापासून जसेच्या तसे चालत आले असून त्यात बाहेरचे काहीच नाही, म्हणूनच ते अस्सल, असा समज जळगाव-धुळ्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. तो खरा नाही. वांगे इथले जुनेच, परंतु ज्यांच्यावाचून आपल्याला भरीत सुचतही नाही ती हिरवी मिरची आणि शेंगदाणे ही दोन्ही मूळची दक्षिण व मध्य अमेरिकेतील पिके आहेत आणि 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, त्यानंतरच ती भारतात पोहोचली.

मग खानदेशीपण कशात? माझ्या मते ते जिन्नसांच्या वयात नसून इथल्या शेतीशी जुळलेल्या कृतीत आहे: कमी बियांचे, हिरवट-पांढरे, मोठे वांगे (‘जळगाव भरीत वांगे’ म्हणून त्याला भौगोलिक मानांकनही आहे) कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायचे, कारण कापसाच्या या मुलखात तेच सरपण हाताशी असते, आणि मग लाकडी भांड्यात मिरची-लसणासह ठेचायचे. त्या जाळाचा धुरकट वास गॅसवर भाजलेल्या वांग्याला येत नाही. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी हवीच; तिच्यातील ज्वारी आणि उडीदही याच काळ्या मातीतले.