प्रोग्रेसा योजनेचे मूल्यमापन

प्रोग्रेसा ही मेक्सिकोच्या केंद्र सरकारने १९९७ साली ग्रामीण भागात सुरू केलेली सशर्त रोख मदतीची योजना. मुलांना शाळेत पाठवा, दवाखान्यात तपासणीला या आणि दर दोन महिन्यांनी पैसे घ्या, असा रोखठोक व्यवहार. मात्र योजनेचे नाव जगभर झाले ते तिच्या मूल्यमापनामुळे.

१९९४ च्या अखेरीस पेसो (मेक्सिकोचे चलन) कोसळला आणि सरकारी तिजोरीत खडखडाट झाला. तोवर गरिबांच्या नावाने टॉर्टिया (मक्याची पोळी) आणि दूध यांवर दिल्या जाणाऱ्या अनुदानाचा मोठा वाटा शहरांतच मुरत असे. अर्थ खात्यातील सांतियागो लेव्ही यांनी त्याऐवजी थेट घरातील आईच्या हाती पैसे देण्याची कल्पना पुढे रेटली. शिष्यवृत्ती तिसरीपासून नववीपर्यंत होती. इयत्तेगणिक रक्कम वाढे आणि सातवीपासून मुलींना मुलांपेक्षा जास्त मिळे, कारण गळती तिथेच अधिक होती. अट ८५ टक्के हजेरीची. महाराष्ट्रातही पहिली ते चौथीच्या ठरावीक गटांतील मुलींना दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना आहे. हेतू तोच, पण १ रुपयाने कोणत्या घराचा निर्णय बदलेल हा प्रश्नच आहे.

सगळ्या गावांत एकदम योजना नेणे शक्य नव्हते, आणि या अडचणीचाच उपयोग करून घेतला गेला. ७ राज्यांतील ५०६ गावांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली. ३२० गावांत १९९८ साली पैसे सुरू झाले. १८६ गावे तुलनेसाठी १९९९ च्या अखेरीपर्यंत थांबली. या काळात सुमारे २४,००० घरांची पुन्हा पुन्हा पाहणी झाली. विश्लेषणाचे काम आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेकडे होते. गरिबांना मुद्दाम ताटकळत ठेवले, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. कोणाला तरी थांबावेच लागणार होते, तर वशिल्यापेक्षा चिठ्ठी बरी, हे त्यावरचे उत्तर पटण्यासारखे आहे.

प्राथमिक, म्हणजे सहावीपर्यंतच्या वर्गांत फारसा फरक पडला नाही. पडणार तरी कसा? तिथे ९० टक्क्यांहून अधिक मुले आधीपासूनच शाळेत होती. म्हणजे त्या वर्गांपुरती शिष्यवृत्ती ही घराला मदत होती, शाळेचे आमिष नव्हते. खरा परिणाम सहावीनंतर दिसला. सहावी पूर्ण केलेल्या शंभर मुलींमागे सुमारे १५ जास्त मुली पुढच्या वर्गात गेल्या. मुलांमधली वाढ त्याच्या निम्म्याहून कमी होती. मदत न मिळालेल्या शेजारच्या घरांतली मुलेही काही प्रमाणात शाळेकडे वळली. लहान मुलांचे आजारपण घटले. प्रशासकीय खर्च १०० पेसोंमागे ९ च्या आसपास होता.

शाळेत जाणे आणि शिकणे यांतील अंतर मात्र उघडे पडले. सुरुवातीच्या चाचणी गुणांत सुधारणा आढळली नाही. पट वाढला, पण शिक्षक आणि वर्ग तेच राहिले. गावकऱ्यांशी बोलल्यावर आकड्यांत न येणाऱ्या गोष्टीही पुढे आल्या. बैठका, आरोग्यावरची व्याख्याने, दवाखान्याच्या खेपा हे सगळे आयांच्याच माथी आले. एकाच आळीत एका घराला पैसे आणि दुसऱ्याला नाहीत, तेही का ते कोणी नीट सांगत नाही, यावरून धुसफुस झाली. पुढे वगळलेल्या काही घरांची फेरतपासणी करून त्यांना सामावून घेण्यात आले.

२००० साली सत्तांतर झाले, तरी योजना टिकली. मूल्यमापनाचे अहवाल हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. २००२ मध्ये तिचे ‘ओपोर्तुनिदादेस’ झाले, २०१४ मध्ये ‘प्रोस्पेरा’. लहानपणी योजनेचा लाभ मिळालेल्या पिढीचा, विशेषतः स्त्रियांचा, पुढे शिक्षण आणि कमाई यांत फायदा झाल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसले. तरीही २०१९ मध्ये लोपेस ओब्रादोर सरकारने योजना गुंडाळली आणि तिच्या जागी एकोणिसाव्या शतकातील राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांच्या नावाच्या शिष्यवृत्त्या आणल्या.