डुक्कर, डिलाइट, पद्मिनी: पिढ्या नेमक्या किती?

मुंबईत जुन्या गाड्यांच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी 'डुक्कर फियाट'चं नाव काढतंच. गोल, फुगीर, पुढे आलेलं नाक. नाव ठेवणाऱ्याचा नेम चुकला नव्हता. तिच्यानंतर 1964 साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आलेली डिलाइट मात्र चौकोनी, नीटनेटकी. शेजारीशेजारी उभ्या केल्या तर या सख्ख्या बहिणी आहेत हे पटायचं नाही. पण टेप घेऊन पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. दोघींचं माप 2340 मिलिमीटर. डिलाइटचंच पुढचं नाव असलेल्या पद्मिनीचंही तेच.

पिढी खरी बदलली ती 1953 मध्ये, इटलीत. त्याआधीच्या, 1937 च्या फियाट 508 सी 1100 ची बॉडी वेगळ्या चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसवलेली होती. 1953 च्या 1100/103 मध्ये, म्हणजे आपल्या डुक्कर फियाटमध्ये, ही स्वतंत्र चॅसी गेली. फरशी, दारांखालचे उंबरे, खांब आणि छप्पर यांचीच मिळून एक पेटी झाली आणि सगळा भार तिच्यावर आला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा झाकण काढून पिळला तर वाकडा होतो. झाकण घट्ट बसवलं की तोच पातळ पत्रा दाद देत नाही. तसंच हे. फक्त यात एक ग्यानबाची मेख आहे: पत्रा सडला की सांगाडाच सडला. मुंबईच्या खारट, दमट हवेत दार उचलून आपटल्याशिवाय लागेनासं झालं, तर बिजागरीला शिव्या घालण्याआधी दाराखालचा उंबरा गंजलाय का ते बघावं.

दारांचीही एक गंमत आहे. डुक्कर फियाटची पुढची दारं मधल्या खांबावर टांगलेली, म्हणजे कपाटासारखी समोरून उघडणारी. साडी सावरून बसायला याहून सोयीचं दार मी तरी पाहिलेलं नाही. पण चालत्या गाडीत कडी निसटली की वारा फटीत शिरून दार उपटायला बघतो. ताशी 60 किलोमीटरला समोरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण 17 किलो वजनाइतका असतो, आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. बिजागऱ्या पुढच्या खांबावर नेल्या की हाच वारा दार लोटून बंद ठेवतो. इटलीत 1960 च्या सुमारास हा बदल झाला. डिलाइटची दारं अशीच होती.

आणि इंजिन? ते तर या दोघींपेक्षाही म्हातारं. 1937 च्या गाडीत सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 75 होती. चार सिलिंडरचा हिशेब केला की 1089 सीसी येतात. ताकद मात्र वाढत गेली: 1937 मध्ये 32 अश्वशक्ती, 1953 मध्ये 36, पुढे चाळिशीपार. पेट्रोल सुधारलं तसं मिश्रण जास्त दाबून पेटवता आलं, एवढंच त्यामागचं मुख्य कारण. डिलाइट जिच्यावरून आली त्या इटलीच्या 1100 डी मध्ये व्यास 72 करून 1221 सीसी केले, पण आपल्या डिलाइटने जुनाच आकडा धरून ठेवला.

1966 मध्ये इटलीत आलेल्या 1100 आर ला पुढे डिस्क ब्रेक मिळाले. ड्रमच्या बंद डब्यात उष्णता कोंडते आणि लांब उतारावर ब्रेक मऊ पडतो. डिस्क उघड्यावर फिरते, लवकर निवते. खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्यांना याचं महत्त्व इटालियन लोकांनी सांगायची गरज नव्हती, तरी पद्मिनीला ड्रमच मिळाले. तिकडे 1969 मध्ये पुढच्या चाकांनी ओढली जाणारी फियाट 128 आली आणि 1100 बंद झाली.

इथे 1974 पासून पाटीवर 'पद्मिनी' आली, तरी लोक फियाटच म्हणत राहिले. काळ्यापिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. तोवर अशा कितीतरी टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी बसली होती आणि तो गॅस जात होता 1937 च्याच मापाच्या, 68 मिलिमीटरच्या सिलिंडरांत.