निकेल स्वस्त का झालं, आणि खाणींत पैसा घातलेले का अडकले

2022 च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या आयजीओ कंपनीने वेस्टर्न एरियाज ही निकेल कंपनी सुमारे 1.26 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून घेतली. वर्षभरातच त्यातली बहुतांश रक्कम हिशोबातून वजा करावी लागली आणि जानेवारी 2024 मध्ये तिथल्या कॉसमॉस खाणीचं काम थांबलं. इलेक्ट्रिक गाड्यांना निकेल लागणार, हा अंदाज खोटा नव्हता. चुकला तो पुरवठ्याचा अंदाज, आणि त्याची मुळं जुनी आहेत.

मे 2007 मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला 50 हजार डॉलरच्या वर गेलं. नेहमीच्या 304 स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण आठ टक्के निकेल असतं, त्यामुळे चीनच्या पोलाद कारखान्यांना हा भाव झेपेना. त्यांनी इंडोनेशिया आणि फिलिपिन्समधून लॅटराइट मोठ्या प्रमाणावर आणायला सुरुवात केली. हे आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या जातीचं खनिज. त्यात निकेल जेमतेम दीड-दोन टक्के. ते वितळवून निकेल पिग आयर्न नावाचं लोखंडमिश्रित निकेल निघू लागलं. शुद्ध नव्हतं, पण स्टेनलेसला चालत होतं.

जानेवारी 2014 मध्ये इंडोनेशियाने कच्च्या खनिजाची निर्यात बंद केली. 2017 मध्ये बंदी सैल झाली, 1 जानेवारी 2020 पासून पुन्हा पक्की झाली. माती हवी तर भट्टी इथेच लावा, हा सरकारचा हट्ट होता. चीनच्या त्सिंगशान या पोलाद कंपनीने इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरच्या मोरोवालीत औद्योगिक वसाहत उभारली, तीही स्वस्त कोळशाच्या विजेवर. 2015 मध्ये जगाच्या खाण उत्पादनात इंडोनेशियाचा वाटा दहा टक्क्यांहून कमी होता. 2023 मध्ये तो निम्म्यावर गेला. या वेगाची किंमत माणसांनीही मोजली. 24 डिसेंबर 2023 ला मोरोवालीतल्या भट्टीत स्फोट होऊन 21 कामगार गेले.

तरीही पाश्चात्त्य गुंतवणूकदार निर्धास्त होते. पिग आयर्न स्टेनलेससाठी, बॅटरीला मात्र उच्च शुद्धतेचंच निकेल. म्हणजे आपला बाजार वेगळा, अशी त्यांची धारणा होती. मार्च 2021 मध्ये पिग आयर्नपासून मॅट, म्हणजे शुद्धीकरणाआधीचं जास्त निकेल असलेलं मिश्रण, बनवून बॅटरी उद्योगाला पुरवू, असं त्सिंगशानने जाहीर केलं आणि दोनेक आठवड्यांत भाव 20 हजारांच्या घरातून 16 हजारांच्या आसपास उतरला. माझ्या मते खरा इशारा तोच होता. पुढे याच लॅटराइटमधून आम्लाने दाबाखाली बॅटरीसाठी निकेल काढणारे कारखानेही इंडोनेशियात उभे राहिले.

मग मार्च 2022 मध्ये युक्रेन युद्धाच्या धास्तीत आणि त्सिंगशानच्या मोठ्या शॉर्ट सौद्यांच्या (भाव पडेल या अंदाजाने आधीच केलेल्या विक्रीच्या) कोंडीत भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर उसळला. एक्स्चेंजने व्यवहार थांबवले, त्या दिवशीचे सौदे रद्द केले. ती टंचाई बाजारातल्या सौद्यांची होती, धातूची नव्हे. पण त्या भावाने अनेकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. त्यातच चीनच्या गाड्या निकेल न लागणाऱ्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांकडे वळल्या.

2024 च्या सुरुवातीला भाव 16 हजारांच्याही खाली होता. ऑस्ट्रेलियातल्या सव्हाना खाणीची मालक पॅनोरमिक रिसोर्सेस आर्थिक अडचणीमुळे आधीच प्रशासकांच्या हाती गेली होती. ग्लेनकोर या खाण कंपनीने पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियातल्या कोनियाम्बो निकेल प्रकल्पाच्या भट्ट्या बंद केल्या, आणि ऑक्टोबरमध्ये बीएचपी या खाण कंपनीने ऑस्ट्रेलियातला आपला निकेल वेस्ट हा व्यवसाय थांबवला. फेरविचार फेब्रुवारी 2027 पर्यंत करू, असं बीएचपीने तेव्हा सांगितलं.